हिरवा, निळा, पिवळा

पेडल म्हटलं की आमच्या घरच्यांना सायकल आठवते, नाहीतर शिलाई मशीन. परवा फोनवर आत्याला सांगितलं की गिटारसाठी ओव्हरड्राइव्ह पेडल शोधतोय, तर ती म्हणाली, "अरे, हाताने वाजवायचं वाद्य ना ते?" हे वाचणाऱ्यांत निम्मे नातेवाईक आणि निम्मे ब्लॉगवाले दोस्त. त्या दोस्तांतही गिटारवाले दोघंच (आणि ते दोघं वाद घालायलाच येतात). तेव्हा आधी थोडं सगळ्यांसाठी.

ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे चष्म्याच्या घरापेक्षा जरा रुंद अशी धातूची डबी. एका बाजूने गिटारची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूने निघून अ‍ॅम्पकडे. वर तीन नॉब, खाली पायाने दाबायचा खटका, आत ९ व्होल्टची बॅटरी. खटका दाबला की आवाज थोडा फाटतो. हो, फाटतोच. रेडिओचा आवाज फाटला की आपण उठून तो बारीक करतो, गिटारवाले तोच आवाज फाडून घ्यायला पैसे मोजतात.

फाटतो म्हणजे काय, तर तारेच्या कंपनातून विजेची लाट तयार होते. ती लाट पुढच्या सर्किटच्या उंचीत मावली नाही की तिचा माथा कापला जातो. कोयत्याने छाटल्यासारखा सपाट कापला तर आवाज कर्कश होतो. खाडीतल्या दगडाच्या कडा झिजाव्यात तसा हळूहळू गोल झाला तर आवाजाला एक खरखरीत गोडवा येतो, सूर लांबतो, आणि हलकं वाजवलं की पुन्हा स्वच्छ होतो. ओव्हरड्राइव्ह म्हणजे हा दुसरा प्रकार. मुळात तो पेडलचा शोध नव्हेच. जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प मोठे केले की आपोआप असे फाटायचे, वादकांना ते आवडलं, आणि शेजाऱ्यांना न उठवता तोच आवाज मिळावा म्हणून पुढे या डब्या निघाल्या.

माझा अ‍ॅम्प व्हॉल्व्हचाच आहे. १५ वॉटचा, मागे दोन ईएल८४ आणि पुढे तीन १२एएक्स७. ज्यांच्या घरी मर्फीचा रेडिओ होता त्यांना ही मंडळी ओळखीची वाटतील: बटण दाबल्यावर अर्धा-एक मिनिट काहीच होत नाही, आत तांबूस उजेड पडतो, मग हळूच आवाज येतो. हे व्हॉल्व्ह बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एकेकाळी बनवले. त्यांचे न वापरलेले जुने ईएल८४ आता जगभरचे गिटारवाले शोधत फिरतात. आमच्या मामाने मात्र माझा अ‍ॅम्प पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याला काही समजवावं लागलं नाही. मी घाईने वायर लावायला गेलो तर तोच म्हणाला, "तापूं दे आदी."

आता मामाबद्दल, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी.

वडखळहून अलिबागकडे निघालं की थोड्याच वेळात एक लांब पूल लागतो. खाली अंबा नदी आहे, पण तिथे ती नदी राहिलेली नाही, धरमतरची खाडी झाली आहे. पुलावरून कोळसा आणि लोखंडाची माती वाहणारे बार्ज दिसतात, भरती-ओहोटीच्या हिशेबाने येणारे-जाणारे. या खाडीकाठच्या एका गावात माझं आजोळ. मिठागरं, खारभूमीचे बांध, जिताड्याची तळी, थंडीत शेतावर पोपटी. आजोळ आगऱ्यांचं, आणि आगऱ्यांचं लग्न म्हणजे आदल्या दिवशीची हळद. लग्नाला कुणी नाही आलं तरी चालतं, हळदीला नाही आलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

मामा ऐंशी सालाच्या आसपासपासून तीसेक वर्षं बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. (शहरातल्या वाचकांसाठी: हा अमेरिकन गोल बॅन्जो नव्हे. पुस्तकी नाव बुलबुल तरंग. लांबट पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या.) पार्टीच्या बेंजोला गिटारसारखाच पिकअप बसवलेला असतो, त्यातून वायर अ‍ॅम्प्लिफायरला, तिथून हातगाडीवर बांधलेल्या भोंग्यांना. सोबत ताशा, ढोल, खुळखुळा, पुढे ऑक्टोपॅड आला. हळदीच्या रात्री खाडीपलीकडून वाऱ्यावर पहिला ऐकू यायचा तो बेंजो. गाणं कोणतं हे कळायच्या आधी आवाज कळायचा.

तो आवाज फाटलेला असायचा! हे मला गिटार हातात घेतल्यावर कितीतरी वर्षांनी लक्षात आलं. अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण पिळलेला, भोंग्याला खालचे सूर झेपत नाहीत, फार वरचेही जात नाहीत, राहतो तो मधला पट्टा, तोही माथा कापलेला. आम्ही पुण्यात ज्या आवाजासाठी परदेशी पेडलांची चर्चा करत रात्र काढतो, तो ताशाच्या सोबतीने दर वैशाखात वरातीपुढे चालायचा. त्याला कुणी ओव्हरड्राइव्ह म्हणत नव्हतं, 'बेंजोचा आवाज' म्हणत होते, एवढाच फरक.

मग डीजे आले. पार्टी मोडली, भोंगे विकले, अ‍ॅम्प्लिफायर कुणाच्या तरी गोठ्यात गेला. बेंजो मामाने ठेवला. येत्या वैशाखात मामाच्या नातवाचं लग्न आहे आणि मामाने जाहीर केलंय की हळदीला तो स्वतः अर्धा तास वाजवणार. एकटा नाही. "भाचा गिटार वाजवल." मला कुणी विचारलं नव्हतं. पण मामा बहात्तर वर्षांचा आहे आणि मी नाही म्हणणार नाही हे त्याला माहीत होतं.

डीजे आहेच, तो नंतर वाजेल. धवलारीण दिवसा धवले गाईल, तिला माईक लागत नाही आणि तिच्याशी स्पर्धा करायची कुणाची हिंमत नाही. मधल्या अर्ध्या तासात बेंजो, गिटार, एक ताशा आणि एक ढोल. रात्री १० नंतर लाउडस्पीकरला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार बंदी, म्हणजे घड्याळही मागे लागलेलं.

ताशा-ढोलासमोर १५ वॉटचा अ‍ॅम्प. गिटारवाले दोस्त इथे हसतील. हसा. घरात १५ वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प भिंती हलवतो, मांडवात मात्र त्याचा जीव निघतो. आणि एक गोष्ट पेडल घेताना फारसं कुणी सांगत नाही: अ‍ॅम्प त्याच्या शेवटच्या टोकाला पोचलेला असेल, तर पुढे पेडल लावून त्याचा आवाज मोठा होत नाही, फक्त अधिक फाटतो. मोठा व्हायला जागाच उरलेली नसते. तेव्हा पेडलकडून मला जोर नको होता. गर्दीतून आवाज ओळखू यावा एवढंच हवं होतं.

तीन डब्या जमवल्या. निळी माझीच, बरीच वर्षं वापरातली: बॉसची ब्लूज ड्रायव्हर, १९९५ पासून बाजारात असलेली. पिवळी एका भाच्याच्या मित्राची: त्याच कंपनीची सुपर ओव्हरड्राइव्ह, १९८१ ची रचना, अजूनही बनते आणि तिघींत स्वस्त. हिरवी एका मित्राने मोठ्या मनाने दिली: आयबानेझची ट्यूब स्क्रीमर. मूळ ट्यूब स्क्रीमर १९७९ ची, सुसुमु तामुरा नावाच्या जपानी इंजिनिअरने बनवलेली. तिच्या आतली ४५५८ ही चिप इतकी साधी की लॅमिंग्टन रोडवर चहाच्या किमतीत मिळावी, तरी तिच्यावर लोक पानंच्या पानं लिहितात. (क्लॉन सेंटॉर या अमेरिकन पेडलबद्दल विचारू नका. सुमारे ८,००० नगच बनले, बनवणाऱ्याने आतलं सर्किट कुणाला दिसू नये म्हणून राळेने लिंपून टाकलं होतं, आणि आता जुना नग लाखांत जातो. त्यात मांडवाचा खर्च निघेल.)

इथे एक गंमत सांगतो, मला ती फार आवडली. मामाचा बेंजो मुळात जपानचा. १९१२ मध्ये गोरो मोरिता याने नागोया शहरात 'ताइशोगोतो' नावाचं बटणांचं तंतुवाद्य बनवलं, त्याचाच आपला बुलबुल तरंग. आणि आयबानेझ हे नाव ज्या कंपनीचं, ती होशिनो गाक्की, तीही नागोयाचीच. म्हणजे हळदीच्या मांडवात एका बाजूला बेंजो आणि दुसऱ्या बाजूला हिरवी डबी ठेवली तर ते एका गावचे दोन पाहुणे. मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यांचा जमल."

डब्यांच्या आत काय फरक आहे तेही सांगून टाकतो. हिरवीत फाडायच्या आधी खालचे सूर कमी करतात, फाडून झाल्यावर वरचे सूर कापतात. उरतो तो मध्ये, साधारण ७२० हर्ट्झच्या आसपास, एक उंचवटा. माणूस नाकात बोलतो तसा थोडा आवाज येतो. ज्या अ‍ॅम्पमध्ये मधले सूर मुळात दबलेले असतात त्यांच्याबरोबर तो छान भरून निघतो, आणि माझा अ‍ॅम्प त्याच जातीचा. पिवळी तिची चुलत बहीण, फक्त तिच्यात लाटेचा वरचा आणि खालचा माथा वेगवेगळ्या उंचीवर कापतात (एका बाजूला एक डायोड, दुसऱ्या बाजूला दोन), त्यामुळे पोत जरा वेगळा, थोडा धारदार. निळी या घराण्यातली नाही. ती खालचेही सूर ठेवते, वरचेही, आणि जोरात छेडलं की वरच्या बाजूला करकरते.

पुण्यात घरी एकट्याने वाजवताना निळी सर्वांत छान. कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, हात हलका केला की स्वच्छ. मोबाइलवर बेंजोचं जुनं रेकॉर्डिंग लावून सोबत वाजवलं, तरीही निळीच. कारणही सरळ होतं: बेंजोचा भोंगा मधला पट्टा अडवून बसतो, हिरवीही तिथेच जाऊन बसते, एका बाकावर दोघं. निळी खाली-वर उरलेली जागा घेते. कुठल्याही ध्वनिमुद्रकाला विचारा, हेच सांगेल.

जानेवारीत तिन्ही डब्या, अ‍ॅम्प आणि गिटार गाडीत घालून आजोळी गेलो.

संध्याकाळी ओट्यावर अ‍ॅम्प लावला. पहिली अडचण विजेची. दिवेलागणीला घराघरात पंप आणि पंखे सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं. मल्टिमीटर लावून पाहिलं: २३० ऐवजी १९०. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला हे लगेच कळतं, कारण आतला ट्रान्सफॉर्मर जेवढं येईल त्याच प्रमाणात पुढे देतो. व्हॉल्व्हच्या प्लेटला ३०० व्होल्ट मिळायचे तिथे २४८, आणि फिलामेंटला ६.३ ऐवजी ५.२. आवाज मऊ होतो, लवकर फाटतो, दमल्यासारखा वाटतो. एडी व्हॅन हेलन हा गिटारवादक खास व्हेरिअक लावून अ‍ॅम्पचं व्होल्टेज मुद्दाम उतरवायचा आणि त्या आवाजासाठी प्रसिद्ध झाला. आमच्याकडे ही सोय दिवेलागणीला फुकट! पण फिलामेंट कायम अर्धपोटी ठेवणं व्हॉल्व्हला बरं नाही, म्हणून हळदीला स्टॅबिलायझर आणणार आहे. पेडल बॅटरीवर असल्याने तिला याचा पत्ताच नसतो.

दुसरी अडचण घरघर. माझ्या गिटारचे पिकअप एकेरी गुंडाळीचे, ते तारेबरोबर आजूबाजूची वीजही ऐकतात. ओट्यावरची ट्यूबलाइट, लग्नघर म्हणून आत्ताच लावलेल्या रंगीत माळा, सगळ्यांचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट आत. ओव्हरड्राइव्ह लावला की गिटारइतकाच तोही वाढतो. तोंड फिरवून बसलं की कमी होतो, म्हणून मी माळांकडे पाठ करून, मग खाडीकडे तोंड करून, मग तिरका असा बसून पाहत होतो. मामी हसत होती.

विजेला कंटाळून या भागात आलेला मी काही पहिला नव्हे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं व्हायची. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरलं आणि त्या प्रवाहाने सुया हलतील हे उघड झालं, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी केली. लोखंडाचा अंश नसलेला पोरबंदरचा दगड आणून इमारत बांधली, कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्हीकडे १९०६ पर्यंत जोडीने मोजमापं घेतली, आणि १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. धरमतरहून तासाभराच्या आत पोचता येतं. घरघरीपासून पळायचं तर त्याच दिशेने पळावं, हे मूस साहेबांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ठरवून दिलेलं आहे. असो.

दिवे थोडे बंद केले, माळा काढल्या, आणि मामाने बेंजो मांडीवर घेतला. त्याचा आवाज एका छोट्या कीबोर्ड अ‍ॅम्पमधून. पहिली निळी लावली. तो वाजवत होता, मी मागे साथ करत होतो. मला छान वाटत होतं. दोन गाणी झाली, तिसऱ्यात मी मध्येच एक तुकडा वाजवून त्याच्यासाठी जागा सोडली. मामा आलाच नाही. मी परत वाजवला, परत थांबलो. मामा माझ्या हाताकडे बघत होता, कधी थांबतोय ते पाहायला.

"वाजतंय का नुसता हालतंय?" त्याने विचारलं.

अ‍ॅम्प त्याच्याकडे वळवला, आवाज वाढवला. मामीने कानावर हात ठेवला. मामा म्हणाला, "कायतरी खर्रर येतंय. सूर नाय येत."

मामाला कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण ते विनोदापुरतं. नातवंडं काही सांगतात, तो भलतंच उत्तर देतो, सगळे हसतात, तोही हसतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला अलिबागला घेऊन गेलो आणि कान तपासून आणले. कागदावरची रेघ पहिल्या अर्ध्यापर्यंत बरी चालते, १००० हर्ट्झपर्यंत फार तक्रार नाही, मग उतरू लागते आणि ४००० ला विहिरीत पडते. तपासणाऱ्या बाईंनी कागद बघताच विचारलं, "कारखान्यात होता का?" मी म्हटलं, बेंजो पार्टीत.

आवाजाने जाणारं ऐकणं बहुधा तिथूनच जायला लागतं, ४००० च्या आसपास. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी हे सूर टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. दिवसाला ८५ डेसिबल ८ तास ही कामगारांसाठी मानलेली मर्यादा, आणि त्याच हिशेबात दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. मामा भोंग्याला खेटून चार-चार तास चालायचा, एका मोसमात किती वराती ते त्यालाही आठवत नाही. 'स', 'श', 'त' असली व्यंजनं वरच्या सुरांत असतात, म्हणून त्याला बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही. बायकांचं आणि मुलांचं बोलणं तर आधी हरवतं. म्हणजे नातवंडांचे विनोद. येताना पुलावरून गाडी चालवताना मी हे मनात जुळवत होतो आणि मामा शेजारी बसून एका बार्जकडे बोट दाखवून सांगत होता की ही रिकामी चाललीय, बघ पाण्याच्या किती वर आहे.

कानाचं यंत्र घे म्हटलं तर नको म्हणाला. त्यावर घरात अजून बोलणं चालू आहे, मी तो विषय सोडलेला नाही.

पण तोवर निळी डबी बाद. तिचं जे काही सौंदर्य आहे, ती धार, तो तारेचा खणखणाट, ते सगळं मामाच्या विहिरीत पडत होतं. संध्याकाळी हिरवी लावली. ७२० हर्ट्झचा तो नाकातला उंचवटा, ज्याला मी पुण्यात नावं ठेवत होतो, तो नेमका तिथे उभा होता जिथे मामाचे कान अजून शाबूत आहेत. मी तुकडा वाजवून थांबलो आणि मामा माझ्या हाताकडे न बघता आत आला. डोळे खाडीकडे.

"हा बरा हाय," एवढंच म्हणाला.

मग बाकावर दोघं बसतात त्याचं काय? ते वाजवण्यानेच सोडवायचं. तो वाजवेल तेव्हा मी गप्प, किंवा दोन तारांवर खालचा ठेका. तो थांबला की मी. जुन्या पार्टीत बेंजो आणि कीबोर्ड असंच करायचे म्हणे, मामाला त्यात नवीन काही नव्हतं. ऐकणाऱ्यांना निळीने जास्त गोड लागलं असतं हे मला अजूनही वाटतं. पण मांडवातल्या ऐकणाऱ्यांना जेवण, नातेवाईक आणि मोबाइल आहेत. त्या अर्ध्या तासात मला ऐकण्याची गरज एकालाच आहे.

एक प्रयोग अजून केला, गिटारवाल्यांसाठी नोंदवून ठेवतो. अ‍ॅम्प एकच न्यावा म्हणून बेंजो आणि गिटार दोन्ही माझ्या अ‍ॅम्पमध्ये घातले. स्वच्छ आवाजात ठीक. पण फाटायला लागलं की दोन वाद्यांचे सूर एकमेकांत मिसळून बेरीज-वजाबाकीचे तिसरेच सूर तयार होतात, जे कुणीच वाजवलेले नसतात. बेंजोच्या साथीच्या तारा तर सतत झंकारत असतात, त्यामुळे सगळा चिखल झाला. (एकट्या गिटारवर सा-प जोडी फाडली तर चालते, सा-ग लावला की गढूळ होतो, त्याचंही कारण हेच.) फाडायचं तर प्रत्येकाने आपापलं वेगळं फाडावं.

यावरून मामाने हिरव्या डबीकडे बोट दाखवलं. "माज्यात लाव."

बेंजोची वायर हिरवीत घातली, तिथून कीबोर्ड अ‍ॅम्पला. मी ड्राइव्हचा नॉब थोडा ठेवला होता. मामाने वाकून तो शेवटपर्यंत फिरवला, टोनही बराच उतरवला, आणि एक जुनं कोळीगीत सुरू केलं. मामी आतून बाहेर आली. शेजारच्या घरातून मामाच्या पार्टीतला ढोलवाला आला, सत्तरीचा, लुंगी सावरत, आणि काही न बोलता पायरीवर बसून मांडीवर ठेका धरला. बारा-पंधरा वर्षांनी भोंग्याचा तो आवाज भोंग्याविना आला होता. नातवंडं व्हिडिओ काढत होती. त्यातल्या एकाने मला विचारलं, "काका, आजोबा रॉक वाजवतायत का?"

त्या रात्री हिरवी डबी माझ्याकडे परत आली नाही. मित्राला फोन करून सांगितलं की तुझी डबी गेली, नवी घेऊन देतो. तो म्हणाला, व्हिडिओ पाठव.

आता माझ्यासाठी पिवळी घेतली आहे. तिचाही उंचवटा मध्येच आहे, मामाला ऐकू येते हे ओट्यावर तपासून घेतलं. खिशालाही परवडली. आणि हळदीला पिवळी नको तर काय, असं सगळ्या पोरांचं एकमत. तिचे नॉब असे: ड्राइव्ह घड्याळातल्या नऊवर, म्हणजे नावापुरता, टोन बारावर, लेव्हल दोनवर. फाडायचं बरंचसं काम व्हॉल्व्हच करतात, पिवळी फक्त मागून ढकलते. मामाच्या हिरवीवर त्याने सांगितलेल्या जागी मामीच्या लाल नेलपॉलिशने खुणा केल्या आहेत, कारण अंधारात नॉब दिसत नाहीत आणि पोरं ते फिरवतात.

खाडीच्या खाऱ्या हवेत जॅकच्या पिना महिन्याभरात काळ्या पडतात, तेव्हा जे कुणी समुद्रकाठी राहतात त्यांनी वाजवून झालं की वायर काढून ठेवावी. वायर लावलेली राहिली तर पेडलची बॅटरीही उतरत राहते, खटका बंद असला तरी. मामाला हे दोनदा सांगितलं. तो वायर काढतो, बॅटरीही काढतो आणि पेणच्या पोह्यांच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून बेंजोच्या पेटीत ठेवतो. वैशाखापर्यंत दोन वेळा तालमीला जायचं आहे. ढोलवाल्याने ढोल शिवायला टाकलाय.